टेबलातली शेगडी

भाऊबीज उलटून गेली तरी विनोद मुंबईहून आला नाही, तेव्हा भागोजीने नातीला रत्नागिरीला न्यायचं कबूल केलं. कबूल केलं ते रागाच्या भरात. राग होता मुलावर आणि शब्द गेला नातीला, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायची भागोजीला सवय नव्हती.

प्रकरण दहावीच्या निकालापासूनचं होतं. सानवी चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा विनोदने फोनवर सांगितलं होतं, "तुला कोरियन बार्बेक्यू खायला नेतो." मे महिन्यात त्याला रजा मिळाली नाही. गणपतीला आला तो दीड दिवसाचा पाहुणा, विसर्जन करून रात्रीच्या गाडीने परत. दिवाळीला नक्की म्हणाला, आणि वसुबारसेला फोन आला की जमत नाही.

"कुठली मेली कंपनी भाऊबिजेला चालू असते?" भागोजी ओटीवर बसून करवादला. "सुपरवायझर माणसाला चार दिवस घरी सोडत नाय म्हंजे काय?"

यावर त्याची बायको मैना मागीलदारी निघून गेली. सून दीपाली तांदूळ निवडत होती, तिने मान आणखी खाली घातली. घरातल्या बायका आपल्या बोलण्याला हल्ली उत्तर देत नाहीत, हे भागोजीला ठाऊक होतं. वयाचा परिणाम, दुसरं काय.

सानवी मात्र पुढे येऊन बसली. मुलगी सोळा वर्षांची, लांज्याला अकरावीत. हट्ट करणाऱ्यातली नव्हे. नवा ड्रेस नको म्हणणारी, गोडाधोडाकडे न बघणारी. तिने या एका गोष्टीचा एवढा ध्यास का घ्यावा, हे भागोजीला कळत नव्हतं.

"आबा, तुम्ही नेता? रत्नागिरीत पण मिळतं."

"काय मिळता?"

"कोरियन बार्बेक्यू."

"म्हंजे काय ता?"

"मांस भाजून देतात. टेबलावर."

"ता तुझी आजी चुलीवर भाजून देत नाय?"

"तसं नाही आबा. हॉटेलात. टेबलातच शेगडी असते."

टेबलात शेगडी कशाला असेल, हे विचारायचं सोडून भागोजीने हो म्हटलं. रत्नागिरी त्याला काही नवी नव्हती. विनोद तिथे आयटीआयला होता तेव्हा दर शनिवारी तांदूळ, कुळथाचं पीठ नि सुकट घेऊन भागोजी त्याच्या खोलीवर जायचा. गल्ल्या, बोळ, कुठे एसटी थांबते, कुठे स्वस्तात मासळी-भात मिळतो, सगळं त्याला पाठ. एक खाणावळ शोधून काढायला कितीसा वेळ लागणार?

रत्नागिरीच्या गाडीत सानवीने त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक मुलगी हातवारे करत धाडधाड बोलत होती. रत्नागिरीतलं बेस्ट कोरियन बार्बेक्यू खायचंय, मग ही तीन ठिकाणं चुकवू नका. मागे कसलंसं गाणं, धूर, लाल रस्सा, मग पुन्हा ती मुलगी. भागोजीला त्यातलं काही धड दिसेपर्यंत व्हिडिओ संपला.

"पत्ता सांगितलान कुठं?"

"खाली लिहिलाय. मी मॅपवर टाकलाय."

ती दोघं मारुती मंदिरला उतरली. पहिलं ठिकाण तिथून हाकेच्या अंतरावर होतं. नवी इमारत, खाली मोबाईलची दुकानं, वर जिना. जिन्यावर पाटी होती, 'सोल किचन'. भागोजीला बरं वाटलं.

"सोलकढी तरी चांगली मिळेल हितं," तो म्हणाला.

"आबा, ते सोल म्हणजे कोरियाची राजधानी."

"मग आपली सोलं नाय?"

"नाही."

वर गेल्यावर गार हवा अंगावर आली. भिंतीवर गुळगुळीत तोंडाच्या पोरांची चित्रं, मुलं की मुली ते भागोजीला ठरवता येईना. कॉलेजातली चार-पाच टाळकी बसली होती, प्रत्येकाच्या समोर कागदी पेला आणि पेल्यात शेवया. काउंटरवरच्या मुलीने पुस्तक पुढे केलं. सानवीने ते उघडलंही नाही. ती टेबलं बघत होती. खाली वाकून बघत होती.

"इथे टेबलात शेगडी आहे का?" तिने विचारलं.

"काय?"

"बार्बेक्यूची. ग्रिल."

"नाही गं. बार्बेक्यू विंग्ज आहेत ना. सॉस असतो त्यावर. कोरियन चीज बन पण आहे, तो सगळ्यांना आवडतो."

"कोण भाजतं ते?"

मुलीने चमत्कारिक नजरेने पाहिलं. "आत किचनमध्ये तळतात."

सानवीने पुस्तक तसंच परत दिलं. भागोजी तोपर्यंत खुर्चीत टेकला होता. पहाटे घेतलेल्या कपभर चहावर निघालेला माणूस, त्याला तो बन काय असेल तो चालला असता. पण नात जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"अगो, तळलेला नि भाजलेला, पोटात गेल्यावर काय फरक?"

"हे ते नाही आबा."

दुसरं ठिकाण नाचणे रोडला होतं. चालत जाऊ म्हणाली. मोबाईल हातात धरून ती पुढे, भागोजी मागे. ऑक्टोबरचं ऊन दिवाळी झाली तरी सरलं नव्हतं, आणि समुद्राकडून येणारा वारा इमारतींच्या मागेच कुठेतरी अडला होता. जिथे भागोजीच्या आठवणीत कलमांची बाग होती तिथे आता सात मजले उभे होते. एका बोळापाशी त्याने छातीठोकपणे सांगितलं की इथून आत गेलं की लवकर पोचू, आणि बोळ एका बंगल्याच्या फाटकाशी जाऊन संपला. आतून कुत्रा भुंकला. सानवी नुसती वळली. ते न बोलणं भागोजीला जास्त लागलं.

मोबाईलने जिथे आणून सोडलं तिथे दातांचा दवाखाना होता. सानवीने मोबाईल उलटा धरला, सुलटा धरला. दवाखान्यात जाऊन विचारून आली.

"आधी इथेच होतं म्हणे. साळवी स्टॉपला गेलं."

"कधी?"

"गेल्या पावसाळ्यात."

"मग त्या बयेला व्हिडिओत सांगायला काय झाला होता?"

"व्हिडिओ जुना असेल."

"जुना असेल ता तू आधी बघायचा की नाय? नुसता बोट फिरवायला येता तुला?"

भागोजीने रिक्षा केली. साळवी स्टॉपला रिक्षावाल्याला काही माहीत नव्हतं, पानवाल्याला नव्हतं, चपलांच्या दुकानातल्या बाईने उजवीकडे हात केला आणि ती दोघं एका पत्र्याच्या शेडपाशी आली. बाहेर लाल ड्रॅगन रंगवलेला. ड्रॅगनच्या पोटावर 'चायनीज' लिहिलेलं आणि शेपटीवर मागाहून, वेगळ्या रंगाने, 'कोरियन बार्बेक्यू'.

मालक खुर्च्या उतरवून मांडत होता. "बार्बेक्यू ना? आहे. साडेसहानंतर."

"आत्ता नाही?" सानवीने विचारलं.

"तंदूर संध्याकाळीच लावतो."

"तंदूर? टेबलावर शेगडी नाही?"

"टेबलावर कशाला? आग लागेल." मालक हसला. "आमच्याकडे चिकन तंदूरला लावतात, वर कोरियन मसाला. पाकिटातनं येतो तो. मस्त लागतं. बसा, तोवर राईस देतो."

"बसूया गो," भागोजी म्हणाला. त्याचे पाय दुखत होते, आणि भुकेने डोकं उठलं होतं. "दुपार टळली. राईस खाऊ, नि जाऊ."

"तुम्ही खा आबा. मला नको."

"मी एकटा खाऊ? नि तू माझा तोंड बघत बसणार?"

"अजून एक ठिकाण आहे. मांडवीला."

मग मात्र भागोजीचा तोल गेला. शेडच्या दारात, त्या मालकाच्या समोरच तो बोलला, आणि बोलला ते चांगलंच बोलला. चार घास गिळायला काय सोनं लागतं? बापाने चढवून ठेवलं, बाप तिकडे खुशाल, आणि म्हाताऱ्याने गावभर तंगड्या तोडायच्या. कोरियाचं काय गोडं लागलंय? दुष्काळात आम्ही नाचणीची पेज पिऊन काढली, आमच्या वेळेला कोणी विचारलं नाही की शेगडी टेबलात आहे का टेबलाखाली.

सानवी ऐकून घेत उभी राहिली. तिचे डोळे भरले, पण पाणी खाली आलं नाही. मालकाने आपणहून दोन ग्लास पाणी आणून दिलं आणि आत गेला. पाणी प्यायल्यावर भागोजीला आपण फार बोललो असं वाटलं, आणि तसं वाटल्याचाही राग आला.

"चल," तो म्हणाला. "मांडवी तर मांडवी. पण तिथं नाय मिळाला तर सरळ स्टँडवर."

मांडवीचं ठिकाण समुद्राच्या बाजूला एका लॉजच्या गच्चीवर होतं. लिफ्ट बंद. तीन जिने चढून वर आल्यावर भागोजी कठडा धरून उभा राहिला आणि श्वास खाली बसेपर्यंत त्याला समोरचा समुद्र नुसता पांढरा दिसला. मागून सानवीचा आवाज आला, "आबा."

ती एका टेबलाशी उभी होती. टेबलाच्या मधोमध गोल स्टीलचं झाकण होतं आणि गच्चीवर घातलेल्या छतातून एक पत्र्याची नळी हत्तीच्या सोंडेसारखी लोंबत होती. अशी सहा टेबलं होती. सानवीने झाकणावर हात ठेवला होता, देवळात पादुकांवर ठेवतात तसा.

एक पंचविशीतला मुलगा मोबाईल खिशात टाकत पुढे आला. ऋत्विक त्याचं नाव, लॉजमालकाचा मुलगा. "बसा ना. काय घेणार?"

"बार्बेक्यू," सानवी म्हणाली.

"ते बंद आहे."

"बंद म्हंजे?" भागोजीने विचारलं. "टेबलं तर हायत."

"टेबलं आहेत काका, माणूस नाही. जो भाजायचा तो मणिपूरचा होता, पुण्याला शिकून आलेला. गणपतीनंतर गेला तो आलाच नाही. शिवाय ही धूर ओढायची नळी बिघडलीय, तिचा मेकॅनिक कोल्हापूरहून यायचा, तो आज येतो उद्या येतो." ऋत्विक वैतागून बोलत होता. बहुधा रोज कुणाला तरी हेच सांगून कंटाळला होता. "आणि खरं सांगू का, चालत पण नव्हतं. सहा महिने माझ्या हौसेने चालवलं. लोक येतात, फोटो काढतात, मग विचारतात, पैसे आम्ही द्यायचे आणि भाजायचं पण आमच्याच टेबलावर? वडील रोज बोलतात मला. तुम्हाला सुरमई फ्राय देऊ? ताजी आहे."

"दे," भागोजी म्हणाला. "नि भात दे. दोघांना."

नात आता काही बोलेल म्हणून तो तयारीतच होता, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. "दादा, हे झाकण काढून दाखवाल का जरा?"

ऋत्विकने झाकण उचललं. आत काळी पडलेली लोखंडी वाटी होती, तळाशी थोडी राख. सानवी वाकून बघत राहिली. मग विचारलं, "जो भाजायचा, तो कुठे उभा राहायचा?"

"इथे, असा. गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूला."

"सगळा वेळ उभाच?"

"मग? बसून कसं जमेल? एका वेळी दोन-तीन टेबलं बघायची असतात. जाळी बदलायची, मांस उलटायचं, कात्रीने कापायचं."

"आणि धग?"

"लागते की. मे महिन्यात तर विचारू नका."

ऋत्विक सुरमई सांगायला खाली गेला. सानवी त्याने दाखवलेल्या जागी, टेबलाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. काही करत नव्हती, नुसती उभी होती.

"काय चाललाय तुझा?" भागोजीने विचारलं. "ये हिकडं, बस."

"आबा, पप्पा हे करतात."

भागोजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पप्पा कंपनीत नाहीत. ती कंपनी लॉकडाऊनमध्येच बंद झाली. ते अंधेरीला कोरियन हॉटेलात आहेत. कोळसे पेटवतात आणि लोकांच्या टेबलाशी उभं राहून मांस भाजून देतात. गणपतीला आले तेव्हा मला त्यांनी फोनवर दाखवलं. दिवाळीत तिथे फार गर्दी असते, म्हणून रजा नाही मिळत." ती थांबली. "ते मला नेणार म्हणाले होते ते दुसऱ्या हॉटेलात. स्वतःच्या नको म्हणाले. मला नुसतं बघायचं होतं, कसं असतं ते."

खाली समुद्रात मचव्यांची इंजिनं टकटक वाजत होती.

"तुझ्या आयशीला ठाऊक हाय?"

"हो."

"नि आजीला?"

सानवीने मान डोलावली.

म्हणजे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. गावात, दुकानाच्या बाकड्यावर, लग्नात, बाराव्याला, जिथे चार माणसं भेटतील तिथे 'माझा विनोद सुपरवायझर' म्हणून सांगत फिरणाऱ्या एकट्यालाच. मैना ऐकत असायची आणि उठून जायची.

भागोजीने लांज्याच्या काजूच्या कारखान्यात जन्म काढला होता. काजू भाजायच्या भट्टीवर. टरफलातल्या तेलाच्या धुराने खोकला लागायचा, हातांची सालं निघायची, घरी आल्यावर अंगाचा वास आंघोळ करून जायचा नाही. विनोद लहान असताना जवळ यायला कुरकुरायचा. तेव्हा भागोजीने ठरवलं होतं की पोराला विस्तवापाशी उभं करायचं नाही. त्यासाठी आयटीआय, त्यासाठी शनिवारच्या फेऱ्या, त्यासाठी सगळं. आणि पोरगा चाळिशीला आल्यावर कुणाच्या तरी पानात मांस भाजून घालत उभा होता.

त्याने फोन काढून विनोदला लावला. दोन जेवणांमधली वेळ होती, लगेच उचलला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"मी रत्नागिरीत हाय. सानूला घेऊन. कोरियन बार्बेक्यू शोधतोय."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तीन जागा फिरलो," भागोजी म्हणाला. "एका ठिकाणी नुसत्या शेवया, एका ठिकाणी तंदूर. हितं टेबल हाय तर भाजणारा नाय. भाजणारे सगळे मुंबईला गेले वाटतं."

"तिने सांगितलं तुम्हाला."

"मग काय तू सांगणार होतास?"

"सांगणार होतो बाबा."

"कधी? मी मेल्यावर?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" विनोदचा आवाज चढला नव्हता, पण त्यात एक थकवा होता जो भागोजीने कधी ऐकला नव्हता. की लक्ष देऊन ऐकलाच नव्हता. "म्हणाला असतात, घरी ये. किंवा म्हणाला असतात, दुसरी नोकरी बघ. बघितली मी. वर्षभर बघितली. फिटरला कोण विचारतंय, पंचविशीची पोरं लाईन लावून उभी आहेत."

आपण आरडाओरडा केला असता, हे भागोजीला ठाऊक होतं. आत्ताही करावासा वाटत होता. पण कोणावर करायचा ते नक्की होत नव्हतं.

"कात्रीने कापतोस म्हणे मटण," तो शेवटी म्हणाला.

"मटण नसतं बाबा. डुक्कर असतं जास्त करून."

"डुक्कर?"

"हो."

भागोजीने कठड्यावर हात आपटला. मग आठवलं की पूर्वी शिकारीचा वाटा घरी यायचा तेव्हा रानडुकराचं आपण मिटक्या मारत खाल्लेलं आहे. तरी पण ते वेगळं आणि हे वेगळं. वेगळं कसं, ते सांगता येत नव्हतं, म्हणून आणखी चिडचिड झाली.

"मी येतो तिथं," तो म्हणाला. "हिला घेऊन. बघतोच एकदा काय ता."

"नको बाबा."

"का? बाप आला तर लाज वाटते?"

"तसं नाही." विनोद अडखळला. "तिथे दारात माणूस उभा असतो. तुम्ही आलात तरी मला तुमच्याशी बोलता येणार नाही, मी ड्युटीवर असणार. तुम्ही बसणार आणि मी उभा राहून तुम्हाला वाढणार. ते तुम्हाला नाही बघवणार. मी शिमग्याला येतो ना. नक्की येतो."

शिमग्याला येतो, हे तो गेल्या साली म्हणाला होता आणि त्याच्या आधल्या सालीही. भागोजी ते बोलून दाखवणार होता, एवढ्यात पलीकडून कुणीतरी हिंदीत हाक मारली. "आलो," विनोद म्हणाला, आणि बापाला म्हणाला की कोळसे लावायची वेळ झाली, आणि फोन बंद झाला.

सुरमई आली. चांगली होती. सानवीने सगळी खाल्ली, भातही पुन्हा मागून घेतला. दिवसभर उपाशी होती पोर. भागोजी एक तुकडा खाऊन बसून राहिला. त्याला मुलाचा राग येत होता, घरातल्या बायकांचा येत होता, त्या व्हिडिओवाल्या बयेचा येत होता, आणि सगळ्यांचा राग करून झाल्यावरही तो उरतच होता.

परतीच्या गाडीला गर्दी होती, पण लांज्यापर्यंत बसायला जागा मिळाली. खिडकीशी सानवी, मधे भागोजी, आणि गाडी सुटता सुटता तिसऱ्या जागेवर येऊन बसली ती त्यांच्याच वाडीतली गोदूबाई. डोळे तपासायला आली होती, डोळ्यांत औषध घातलेलं, पण तोंड मोकळं होतं.

"काय रे भागोजी, नातीला बाजार दाखवलास? विनोद नाय आला तो दिवाळीला? कंपनी सोडत नाय वाटता?"

कंपनी हा शब्द भागोजीच्या जिभेवर आला. इतकी वर्षं येत होता तसाच, आपसूक. तो त्याने गिळला.

"कंपनीत नाय तो," भागोजी म्हणाला. "हॉटेलात हाय. कोरियन हॉटेलात."

"अगो बाय. मॅनेजर?"

"नाय. लोकांच्या टेबलाशी उभा राहून मटण भाजतो."

मटण म्हणाला. डुक्कर म्हणायचं धाडस झालं नाही. एका दिवसात तेवढं पुष्कळ होतं.

गोदूबाईने डोळे मिचकावले. "मटण भाजायला एवढ्या लांब मुंबईला? हितं काय चुली नव्हत्या?"

हाच प्रश्न भागोजीने स्वतः कालपर्यंत विचारला असता, आणि याच सुरात. पण आता तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या कानाची पाळी गरम झाली.

"चुलीवरचा नाय ता. तुला काय ठाऊक? टेबलातच शेगडी असते. वरून धूर ओढायला नळी असते. एक माणूस तीन-तीन टेबलं बघतो, एकदम. करपला तर गिऱ्हाईक उठून जाता. शिकायला लागता ता, कोणी पण उठून नाय करत."

"मग तू खाऊन आलास?"

"कुठला? सगळी रत्नागिरी पालथी घातली. येत नाय कोणाला हितं."

"पगार किती देतात?"

"ता मला ठाऊक नाय."

"नि जेवायचा काय? ता तिथलाच खातो? नि खोली? खोलीचा भाडा कोण देता?"

गाडी कुवारबाव मागे टाकून हातखंब्याच्या चढाला लागली होती. भागोजीला यातल्या निम्म्या गोष्टी ठाऊक नव्हत्या आणि ठाऊक नाहीत हे दर प्रश्नाला नव्याने कळत होतं. विनोद कुठे राहतो. कितीजण असतात खोलीत. सुट्टी कोणत्या वारी असते. हात भाजला तर कोण बघतं. इतक्या वर्षांत त्याने मुलाला फोनवर एकच प्रश्न विचारला होता, कधी येतोस.

"मला काय विचारतेस?" तो शेवटी त्रासून म्हणाला. "हिला विचार. हिला सगळा ठाऊक हाय."

आणि धावत्या गाडीत पुढच्या सीटचा दांडा धरून तो उठला, सानवीला मधे सरकायला लावून स्वतः खिडकीशी बसला. सानवी सांगू लागली. गाडीच्या आवाजात सगळं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून भागोजीने खिडकीची काच ओढून घेतली.